गरम झाल्यावर बंद पडणारी पद्मिनी: दोष ठिणगीत की पेट्रोलात?

प्रश्न असा आहे. १९७४ची प्रीमियर पद्मिनी, मूळ १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होते. वीस-पंचवीस मिनिटं छान पळते, मग मिसिंग मारायला लागते आणि सिग्नलला किंवा घाटात बंद पडते. गेल्या वेळी वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाटात थांबली. अर्धा तास उभी ठेवली की काहीच झालं नव्हतं अशी पुन्हा चालते. आतापर्यंत कार्बोरेटरचं किट, चारही प्लग आणि पेट्रोल पंप बदलून झाले. आता मेकॅनिक इंजिन खोलायचं म्हणतोय. खोलावं का?

अजिबात नाही, निदान आत्ता तरी नाही. थंड असताना जे इंजिन ताकदीने ओढतं, त्याच्या पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे बोअर झिजलेले असते तर ते सकाळीही दिसलं असतं. रिंगा दुपारी झिजून अर्ध्या तासात पुन्हा भरत नाहीत. तुमचा दोष उष्णतेबरोबर येतो आणि उष्णतेबरोबर जातो. असे दोष मोजकेच आहेत: कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवणारी), कंडेन्सर (तिच्या जोडीचा छोटा डबा), डेल्कोतल्या म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या बारीक वायरी, पेट्रोलची वाफ, टाकीकडून येणारी अडवणूक, आणि गरम झाल्यावर पुरते न बसणारे व्हॉल्व्ह. यातला नेमका कोणता, हे कळण्याची वेळ एकच असते: गाडी बंद पडल्यानंतरची पहिली दोन-तीन मिनिटं. टो करून गॅरेजपर्यंत नेईतो इंजिन निवतं आणि पुरावा नाहीसा होतो. मग मेकॅनिक अंदाजाने भाग बदलत जातो. तुमच्या बाबतीत तेच झालंय, आणि त्यात एक नवीन अडचणही शिरली असण्याची शक्यता आहे. तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

म्हणून आधी डिकीत एक पिशवी तयार ठेवा. बारा व्होल्टचा लहान टेस्ट लॅम्प, साधा मल्टिमीटर, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), टोकांना चिमटे असलेली दीड मीटर वायर, टॉर्च, पाण्याची बाटली, जाड फडकं, अग्निशामक सिलिंडर, आणि चालू गाडीवर चालवून पाहिलेले कॉइल व कंडेन्सर. नवे पण न तपासलेले सुटे भाग रस्त्यावर उपयोगाचे नाहीत, कारण आज बाजारात मिळणारे कंडेन्सर डब्यातूनच खराब निघू शकतात. शिवाय एक जुना प्लग घेऊन त्याचा बाजूचा वाकडा इलेक्ट्रोड कापून टाका. मधल्या इलेक्ट्रोडपासून लोखंडी कडेपर्यंत चार-पाच मिलिमीटरचं अंतर उरतं आणि हा प्लगच तुमचा स्पार्क टेस्टर होतो. नेहमीच्या ०.६ मिमी गॅपवर, उघड्या हवेत, मेलेली कॉइलसुद्धा ठिणगी दाखवते. सिलिंडरच्या दाबाखाली मात्र तीच ठिणगी उडत नाही. त्यामुळे प्लग काढून बॉडीला टेकवून "करंट आहे" म्हणणं हा या कामातला सगळ्यात फसवा निष्कर्ष आहे.

बंद पडली त्या क्षणी

गाडी कशी बंद पडली, हे आधी आठवा. कोणी चावी फिरवल्यासारखी एकदम मेली, तर बहुधा वीज. आचके देत, दम लागल्यासारखी, शे-दोनशे मीटर रखडत थांबली, तर बहुधा पेट्रोल. आयडलिंगला डचमळत, मागे काळा धूर टाकत आणि पेट्रोलचा वास सोडत थांबली, तर पेट्रोल जास्त होतंय. हे अनुमान आहे. त्यावर भाग बदलायचा नाही, पण आधी कुठे पाहायचं ते यातून कळतं.

चावी बंद करा, हँडब्रेक ओढा, बॉनेट उघडा. पहिली चाचणी पेट्रोलची, आणि ती दहा सेकंदांची आहे. एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या घशात टॉर्चने पाहा आणि अॅक्सिलरेटरचा दांडा हाताने झटकन पूर्ण ओढा. आत पेट्रोलची बारीक पण स्पष्ट धार उडाली, तर फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या साठ्यात) पेट्रोल आहे आणि पंपाने आपलं काम केलंय. धार आली नाही, तुटक थेंब आले किंवा नुसती फसफस ऐकू आली, तर वाटी रिकामी आहे नाहीतर आत पेट्रोल उकळतंय. पाहताना काडी किंवा लायटर चुकूनही जवळ नको. चेहराही घशावर नेऊ नका.

फिल्टर परत बसवा, सांडलेलं पेट्रोल पुसा, वाफ उडू द्या, आणि मगच ठिणगी पाहा. डेल्कोच्या कॅपमधली मधली जाड वायर उपसून तुमच्या टेस्टर प्लगला लावा. प्लगचं लोखंडी अंग चिमट्याच्या वायरने इंजिनच्या ब्लॉकला घट्ट जोडा, कार्बोरेटरपासून शक्य तितकं लांब. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. प्रत्येक फेऱ्यात निळसर-पांढरी, चट् चट् आवाज करणारी ठिणगी नियमाने आली, तर कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट (डेल्कोतले उघडझाप करणारे संपर्क) या घडीला निर्दोष आहेत. पिवळी, बारीक, मध्येच गायब होणारी ठिणगी आली किंवा काहीच आली नाही, तर इथेच थांबा. कार्बोरेटरचा विचार सोडून द्या.

ठिणगी मेली असेल तर

टेस्ट लॅम्पचं एक टोक बॉडीला, दुसरं कॉइलच्या चावीकडून येणाऱ्या टर्मिनलला लावा. चावी चालू केल्यावर दिवा लागला पाहिजे. लागला नाही तर इग्निशन स्विच, त्याच्यामागचं सॉकेट किंवा मधली वायर. पन्नास वर्षांच्या गाडीत स्विचच्या आतले संपर्क तापून सुटतात, त्यामुळे तिथेही गरम झाल्यावरच दोष दिसतो.

पहिलं टर्मिनल ठीक असेल तर लॅम्प कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला लावा आणि सेल्फ मारा. दिवा लुकलुकला पाहिजे: पॉइंट उघडले की लागतो, मिटले की विझतो. दिवा सतत लागून राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत, त्यांच्यावर तेलाचा किंवा जळक्या थराचा पडदा आहे, नाहीतर कॉइलपासून पॉइंटपर्यंतची वायर कुठेतरी तुटली आहे. दिवा मुळीच लागला नाही, तर डेल्कोकडे जाणारी वायर कॉइलवरून सोडा. आता दिवा लागला, तर डेल्कोत कुठेतरी शॉर्ट आहे (शॉर्ट झालेला कंडेन्सर, चेमटलेली वायर, टर्मिनलचा फुटलेला बुश) किंवा पॉइंट उघडतच नाहीत. तरीही लागला नाही, तर कॉइलची प्राथमिक गुंडाळी आतून तुटली आहे.

दिवा व्यवस्थित लुकलुकतो आणि तरीही ठिणगी नाही, असं झालं तर आरोपी दोनच उरतात, कंडेन्सर आणि कॉइल. आधी कंडेन्सर. डेल्को न उघडता तो तपासता येतो: पिशवीतल्या कंडेन्सरचं अंग बॉडीला आणि वायर कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला जोडा. ठिणगी परत आली तर जुना कंडेन्सर आतून उघडा पडलाय. तसाच बाहेरून बांधून घरी जाता येतं. नाहीच आली तर कॉइल बदलून पाहा.

कॉइलबद्दल थोडं सविस्तर, कारण या तक्रारीत ती फार वेळा सुटते. पद्मिनीसारख्या साध्या बारा व्होल्टच्या, बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी करणारा वेगळा रोध) नसलेल्या व्यवस्थेत कॉइलचा प्राथमिक रोध साधारण ३ ओहम हवा. चालू गाडीत १४ व्होल्ट धरले, तर पॉइंट मिटलेले असताना तिच्यातून साडेचार अँपिअर वाहतात. दुकानदाराने बॅलास्टसाठी बनलेली १.५ ओहमची कॉइल दिली, तर ती नऊ अँपिअरच्या पुढे ओढते. सुरुवातीला ठिणगी झकास, गाडी जोमात. वीस मिनिटांत कॉइल हात लावू देत नाही, आतलं तेल आणि इन्सुलेशन उकडतं, ठिणगी आतल्या आत गळायला लागते आणि त्याचबरोबर पॉइंटही जळतात. तुमच्या तक्रारीशी हे तंतोतंत जुळतं. कॉइल थंड असताना दोन्ही वायरी सोडून मल्टिमीटरने मोजा आणि बंद पडल्यावर लगेच पुन्हा मोजा. तापल्यावर रोध थोडा वाढणं स्वाभाविक आहे. दुप्पट झाला, अनंत दाखवला किंवा मुळात दोनच्या खाली असला, तर कॉइल काढून टाका. चालू कॉइल चांगलीच गरम लागते, त्यामुळे नुसत्या स्पर्शावरून तिला दोषी ठरवू नका.

मधल्या वायरीला ठिणगी आहे पण प्लगपर्यंत पोचत नाही, असं निघालं तर रोटर (डेल्कोत फिरून ठिणगी वाटणारा तुकडा) आणि कॅप पाहा. कॅपच्या आतला कोळशाचा ब्रश झिजलाय का, आत केसासारखी काळी रेघ पडली आहे का, रोटरच्या मधल्या पितळी पट्टीखालून ठिणगी शाफ्टला गळते का. अंधारात इंजिन चालू ठेवून पाहिलं की कॅपबाहेरची गळती निळी चमकताना दिसते.

एक दोष मात्र लॅम्पनेही पटकन सापडत नाही. डेल्कोच्या आत टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत येणारी मऊ वायर आणि बेस प्लेटची अर्थिंगची वायर, या दोन्ही व्हॅक्यूम अॅडव्हान्समुळे (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणाऱ्या सोयीमुळे) प्लेट हलली की प्रत्येक वेळी वाकतात. वर्षानुवर्षं वाकून आतली तांब्याची तार तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत राहतं. मग गाडी आयडलला चालते आणि अॅक्सिलरेटर दाबताच मरते. लॅम्प लावलेला असताना प्लेट बोटाने हलवा आणि वायर हळूच ओढा. दिवा थरथरला तर सापडलं.

धार आली नाही तर

टाकीचं झाकण उघडा. आत हवा खेचल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि त्यानंतर गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल जसं संपतं तसा टाकीत निर्वात तयार होतो, पंप हरतो. उभी ठेवली की हळूहळू हवा आत शिरते आणि दोष पळून जातो. दोन मिनिटांची ही तपासणी न करता लोक पंप बदलतात, हे पाहून वाईट वाटतं.

दुसरी शक्यता टाकीच्या तळाशी. गंज, जुन्या पेट्रोलचा डिंक, कधी कापडाचा तुकडा. गाडी पळते तेव्हा हे सगळं खेचलं जाऊन नळीच्या तोंडाशी बसतं, थांबली की गळून खाली पडतं. लक्षणं हुबेहूब वाफेच्या अडथळ्यासारखी. फरक ओळखायला पंपाकडे येणारी नळी सोडून टाकीच्या दिशेने हलकी हवा मारा. टाकीत बुडबुड ऐकू आली आणि गाडी पुढचे दहा-वीस किलोमीटर बिनतक्रार चालली, तर टाकी उतरवून धुवावी लागेल. रबरी नळ्या बाहेरून चांगल्या दिसल्या तरी आतून सोललेल्या असू शकतात. आतला पापुद्रा झडपेसारखा मिटतो. म्हणून जुन्या रबरी नळ्या तपासत बसू नका, सरळ बदला.

आता खरी वाफ. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांपासून उडू लागतात आणि इथेनॉल ७८ अंशांना उकळतं. बॉनेटखाली मे महिन्यात, घाटात, दुसऱ्या गिअरमध्ये यापेक्षा जास्त तापमान सहज होतं. पंपात वाफ भरली की डायफ्राम वाफच दाबत बसतो, द्रव पुढे सरकत नाही. ओलं फडकं पंपावर आणि पंपापासून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीवर ठेवा, पाणी शिंपडा. पाच मिनिटांत धार परत आली आणि गाडी चालू झाली, तर निदान पक्कं.

सुरुवातीला म्हटलेली नवीन अडचण इथे येते. यांत्रिक पंप इंजिनला जोडताना मध्ये उष्णतारोधक जाड ठोकळा असतो. पंप बदलताना तो काढून नुसतं कागदी गॅस्केट लावलं, तर ब्लॉकची उष्णता सरळ पंपात शिरते, शिवाय लिव्हरचा स्ट्रोक वाढून दाब आणि डायफ्रामवरचा ताण वाढतो. उलट दोन-दोन गॅस्केटं चढवली, तर स्ट्रोक कमी होऊन पुरवठा घटतो. तुमचा पंप नुकताच बदललाय, म्हणून तो उतरवून ठोकळा आहे की नाही हे आधी बघा. नसेल तर पंप कितीही चांगला असो, गाडी घाटात थांबणारच. कार्बोरेटरच्या पायाखालच्या उष्णतारोधक तुकड्यालाही हेच लागू. नळीचा मार्गही पाहा: एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डपासून ती जितकी लांब नेता येईल तितकी न्या. पंपाचा दाब साधारण ३ पीएसआय पुरतो. ५च्या पुढे गेला की सोलेक्सची (या गाडीच्या कार्बोरेटरची) पेट्रोल अडवणारी नीडल उचलली जाते आणि वाटी ओसंडते.

वाटी ओसंडली असेल किंवा बंद केल्यावर साठलेल्या उष्णतेने पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये टपकलं असेल, तर चोक न ओढता, पेडल एकदाच तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारा. पंप करत राहिलात तर प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल आत जातं.

इथेनॉलचा विषय टाळता येणार नाही. आज पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे आणि पद्मिनी बनली तेव्हा असं पेट्रोल नव्हतं. याचे तीन परिणाम. जुन्या धाटणीच्या रबराचे डायफ्राम आणि नळ्या फुगतात व मऊ पडतात, म्हणून किट घेताना इथेनॉलला टिकणारं रबर मागा. टाकीतला जुना डिंक आणि गंज सुटतो, म्हणून पहिल्या काही टाक्या संपेपर्यंत फिल्टर लवकर-लवकर बदला. तिसरा परिणाम मिश्रणावर होतो: इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकातून) मिश्रण साधारण ८ टक्के पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. सोलेक्सच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ११५ म्हणजे १.१५ मिमी. ११५वरून १२०वर गेलात तर व्यास ४ टक्क्यांनी वाढतो, पण क्षेत्रफळ जवळपास ९ टक्क्यांनी. म्हणजे एक पायरी पुरते. भोक तारेने किंवा ड्रिलने मोठं करू नका, जेट बदला. आणि हे सगळं शेवटी. ठिणगी व व्हॉल्व्ह ठीक असल्याची खात्री झाल्याशिवाय जेटला हात लावायचा नाही.

दोन्ही असूनही चालत नाही

धार येते, ठिणगी निळी आहे, तरीही गरम इंजिन पेटत नाही. मग कॉम्प्रेशन. टॅपेट (व्हॉल्व्हच्या दांड्याशी ठेवायची फट) फार घट्ट बसवले असतील, किंवा व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल रुतत गेल्यामुळे त्यांचा गॅप संपला असेल, तर थंड असताना व्हॉल्व्ह जेमतेम मिटतो. गरम झाल्यावर त्याचा दांडा लांबतो, व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहतो आणि दाब निसटतो. आधी आयडलिंग जातं, मग गाडी जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असा उघडा राहिला की सीटला टेकून थंड व्हायची सोयच उरत नाही आणि त्याची कड जळते. फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. शिशाचा थर सीटला जे संरक्षण द्यायचा, ते त्यानंतर गेलं. म्हणून जुन्या सीट असलेल्या इंजिनात टॅपेट वर्षातून निदान दोनदा तपासा.

टॅपेट लावताना इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं असलं तर उत्तम. गॅपचा आकडा गाडीच्या पुस्तिकेतला घ्या, इनलेट आणि एक्झॉस्टचा वेगवेगळा. पद्धत सोपी: चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलताना दिसले (एक मिटतोय, दुसरा उघडतोय) की पहिल्याचे लावा, पहिल्याचे डुलले की चौथ्याचे. दुसऱ्या-तिसऱ्याची जोडी तशीच. फिलर गेज किंचित ओढ लागून सरकली पाहिजे. संशय आला तर एक हजारांश इंच सैल ठेवा. टॅपेटचा बारीक आवाज परवडतो, जळलेला व्हॉल्व्ह परवडत नाही.

कॉम्प्रेशन दोनदा घ्या, थंड आणि गरम. सगळे प्लग बाहेर, कॉइलची वायर सोडलेली, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके. आकडा १२० ते १५० पीएसआयच्या दरम्यान आणि चारांत दहा-पंधरा टक्क्यांहून कमी फरक असेल, तर हे इंजिन उघडू नका. सगळे सारखे ११० आले तरी चालेल, एक १३५ आणि एक ८० आला तर चालणार नाही. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारच्या दोन सिलिंडरांत एकदमच कमी आला, तर मधल्या पट्टीवर हेड गॅस्केट फुटलंय. थंडला ठीक आणि गरमला एखादाच पडला, तर त्याचा टॅपेट पाहा.

व्हॅक्यूम गेज (इंजिनची हवेची ओढ मोजणारं) स्वस्त आहे आणि या इंजिनांवर खूप सांगून जातं. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं, पण उंचीचा हिशोब धरा. साधारण ३०० मीटरला एक इंच कमी. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे, म्हणजे मुंबईत १९ दाखवणारं इंजिन पुण्यात १७ दाखवेल. महाबळेश्वरला, १३५०च्या आसपास, साडेचौदा दिसलं तरी ते आजारी नाही. काटा कमी पण स्थिर असेल तर उशिराचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) किंवा मॅनिफोल्डमधून शिरणारी हवा. ठरावीक ठेक्यावर चार-पाच इंच खाली उडी मारत असेल तर एक व्हॉल्व्ह बसत नाही. सावकाश डोलत असेल तर मिश्रण. गरम होत जाताना काटा कसा बदलतो, हे गेज दिसेल असं बांधून गाडी उभ्या उभ्या तापवत पाहा.

टायमिंगचा धागा डेल्कोतूनच सुरू होतो आणि रेडिएटरपर्यंत जातो. पॉइंटची टाच कॅमवर (डेल्कोच्या शाफ्टवरच्या उंचवट्यांवर) घासते. कॅमला काडीच्या गुलाएवढं ग्रीस नसेल तर ती लवकर झिजते, पॉइंटचा गॅप मिटत जातो आणि ठिणगी उशिरा पडते. उशिरा पेटलेला वायू एक्झॉस्टमध्ये जळत जातो, व्हॉल्व्ह आणि हेड तापतं, बॉनेटखालची उष्णता वाढते, आणि मग वाफेचा अडथळा येतो. पंप बदलून हे सुटत नाही. ल्युकस-टीव्हीएस डेल्कोला पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा, आधी गॅप आणि मगच टायमिंग. शाफ्ट बोटाने आडवा हलवून पाहा. बुश ढिला असेल तर चार उंचवट्यांना चार वेगळे गॅप येतात आणि टायमिंग कधीच स्थिर राहत नाही. वेगाप्रमाणे ठिणगी लवकर पाडणारी आतली वजनं मोकळी हलतात का हेही पाहा: रोटर हाताने फिरवून सोडला की स्प्रिंगने परत आला पाहिजे. टायमिंग दिव्याने लावा: पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर, पुलीची खूण पुस्तिकेत सांगितलेल्या जागी, लॅम्प कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला, आणि रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेने डेल्को हळू फिरवत दिवा ज्या क्षणी लागेल तिथे घट्ट करा. प्लगच्या वायरींचा क्रम १-३-४-२.

पाणी उकळत असेल तर तेही आधी सोडवा. या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. अॅल्युमिनियम जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून एकदा जरी नीट उकळलं तरी हेड वाकायची आणि गॅस्केट जायची भीती असते. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको, तयार कूलंट घाला. थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून, फॅनबेल्ट उतरवून, मिनिटभर इंजिन चालवा. बुडबुड्यांची रांग लागली तर गॅस्केटमधून वायू पाण्यात जातोय. हेड उतरवावंच लागलं तर सरळपट्टी ठेवून फिलर गेजने तपासा. ०.०५ मिमीची पाती सरकली तर फेसिंग (घासून सपाट) करा, आणि हेड परत लावताना मधून बाहेर, तीन टप्प्यांत टॉर्क द्या.

आणखी एक गोष्ट लक्षात राहू द्या, कारण कोणीतरी डिझेल किंवा दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकायचा सल्ला देईलच. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली खाजगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण तिची चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. १९७४ हे पद्मिनी या नावाचं पहिलं वर्ष. त्याआधी हीच गाडी प्रेसिडेंट होती आणि त्याआधी फियाट डिलाइट. अशा गाडीचं मूळ इंजिन ब्लॉकसकट जपणं फार मोलाचं आहे. एका कॉइलच्या संशयावरून ते भंगारात जाऊ नये.

तर तुमच्या बाबतीत आधी पंपाखालचा ठोकळा आणि कॉइलचा थंड रोध, दोन्ही उद्याच, घरीच. मग रात्रभर उभ्या गाडीचे टॅपेट. त्यानंतर पॉइंट आणि टायमिंग. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं, किती गॅप होता, किती केला, हे वहीत लिहून ठेवा. दुरुस्ती झाली की सकाळच्या गारव्यात गल्लीत एक फेरी मारून समाधान मानू नका. दुपारी दोनला निघा, वाईला दहा मिनिटं चहाला थांबा म्हणजे साठलेली उष्णता पंपात आणि कार्बोरेटरमध्ये चढेल, आणि तशाच गरम गाडीने पसरणी चढा. पिशवी सोबत असू द्या. पुन्हा थांबलीच, तर बॉनेट उघडून आधी धार पाहा, मग ठिणगी.